स्टीललाबी गंज येतो, गुरुजी

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या भूम भागात स्टीलचं काम करून घ्यायला येणारं गिऱ्हाईक मोकळ्या हातानं येत नाही, खिशात चुंबक घेऊन येतं. कुणी जुन्या स्पीकरातनं उचकटलेलं आणतं, तर कुणी फ्रिजच्या दारावरचं, प्लास्टिकचा आंबा चिकटवलेलं. आल्या आल्या पत्र्याला लावायचं, चिकटलं नाही की ओठ मुडपून मान हलवायची, "व्हय, असली माल हाय." मग मी त्यांच्याच आवाजात, त्यांच्यासारखंच पोट पुढं काढून म्हणतो, "मालक, बाजारात बैल घेताना नुसतं शिंगाला हात लावून घेता का? दात बघा की जरा!" मालक हसतात. हसले की काम मिळतं. मात्र चुंबकाला न चिकटणारा हलका पत्राबी बाजारात मिळतो, आणि तो पुढं तांबडा पडतो, हे सांगायला गेलं की हसू थांबतं.

मी बालाजी. वय एकोणतीस. वेल्डिंगला बारा वर्षं झाली. माणसं निवृत्त झाल्यावर आठवणी लिहितात म्हणं. वेल्डरचे डोळे तवर टिकतील का नाही कुणास ठाऊक, म्हणून मी आत्ताच लिहून घेतो. दुसरा माझा धंदा नकलांचा. त्यातनं काही मिळत नाही, पण गावात वट आहे. एसटीचा कंडक्टर, भोंग्यावर ओरडणारा भंगारवाला, भाषण करताना दर वाक्याला चष्मा वर ढकलणारे आमचे सरपंच, सगळे माझ्या गळ्यात राहतात. सरपंचांनी एकदा मला फोनवर धरून स्वतःच्याच मेव्हण्याला माझ्याकडून, त्यांच्या आवाजात, झापून घेतलं होतं. मेव्हण्याला आजपर्यंत कळलेलं नाही. हे ज्यात छापून येईल तो अंक त्यांच्या घरी जात असेल तर अवघड आहे.

आता धातूचं सांगतो. आयटीआयला आम्हाला एक सर होते, उमरग्याच्या पलीकडचे, कन्नड वळणाचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "स्टीलला गंज का येत नाही रे?" मी म्हणलं, "सर, ते महाग असतंय म्हणून." सगळा वर्ग हसला. सरबी हसले, आणि म्हणाले, "चूक आहे प्रश्न. स्टीललाबी गंज येतो. लोखंडाच्या आधी येतो."

ते मला तेव्हा पटलं नव्हतं. पण खरं आहे. लोखंडाला गंज येतो तो भुसभुशीत, पापुद्र्याचा. गळून पडतो, खालचं लोखंड उघडं पडतं, मग तेबी गंजतं, असं करत सगळं जातं. स्टीलमध्ये क्रोमियम नावाचा धातू मिसळलेला असतो. त्याला हवा लागली की लगेच एक साय धरते. इतकी पातळ की डोळ्याला दिसत नाही. ती गळत नाही, फाटत नाही, घट्ट धरून बसते आणि आतल्या लोखंडाला हवापाणी लागू देत नाही. ओरखडा पडला तरी हवा मिळाली की पुन्हा धरते, गुडघ्यावरच्या खपलीसारखी. अॅल्युमिनियमचंबी तसंच. तांबं हिरवं पडतं तेबी त्याचं पांघरूणच. एक सोनंच तेवढं कुणाच्या अध्यात ना मध्यात, हवेशी बोलतच नाही. सर म्हणायचे, "कुणाचं गंज पळून जातं, कुणाचं घर धरून बसतं. एवढाच फरक, हं!" गंज 'पळून जातं' म्हणताना ते हात असा झटकायचे. ही नक्कल मी अजून करतो.

पण ह्या सायीला दोन गोष्टी चालत नाहीत. एक म्हणजे खार. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात काय असतं ते बादलीच्या काठावर पांढरं दिसतंच, आणि ब्लिचिंग पावडर तर त्याचा थोरला भाऊ. दुसरं म्हणजे हवा न मिळणं. चिरेत, सांध्यात, दोन पत्र्यांच्या मधी जिथं हवा पोचत नाही, तिथं साय एकदा मोडली की पुन्हा धरत नाही.

लोखंडाचा स्वभाव उलटा. आमच्याकडं खव्याच्या भट्ट्या आहेत. सुमनकाकूंच्या भट्टीवरची लोखंडी कढई मी लहानपणापासून बघतो. रोज दूध आटायचं, रोज खवा निघायचा, तुपकट काळी कुळकुळीत कढई. कधी गंजाचा ठिपका नाही. मग काकूंचा पाय मोडला, भट्टी महिनाभर बंद. पाय बरा झाल्यावर काकूंनी मला बोलावलं. कढई तांबडीलाल.

"बाल्या, हिला काय रोग झाला रं?"

म्हणलं, "काकू, रोग न्हाय. तुम्ही हात लावला न्हाय म्हणून रुसलीया."

लोखंडाला रोजचा हात लागतो. स्टीलला लागत नाही. त्याला आपल्या आपण राहू द्यावं लागतं. ही गोष्ट मी काकूंना हसत हसत सांगितली. तीच गोष्ट जगताप गुरुजींना सांगायला मला पाच महिने लागले.

जगताप गुरुजी आम्हाला जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला होते. वर्गात आले की आधी खडूचा हात धोतरा... नाही, धोतर नव्हतं, पांढऱ्या पँटला पुसायचे, मग मान तिरकी करून म्हणायचे, "बाळांनो, लक्ष कुठं? लक्ष इकडं!" मी आयुष्यात केलेली पहिली नक्कल ती. त्यांची मुलगी वैशाली माझ्याच वर्गात. मधल्या सुट्टीत तीच म्हणायची, "बाल्या, आमच्या आप्पांची कर ना." आणि पोट धरून हसायची. पुढं ती नर्स झाली, धाराशिवला दवाखान्यात लागली. रोज गावच्या फाट्यावरनं एसटी धरायची. फाट्यावर प्यायला पाणी नाही, म्हणून दोन बाटल्या न्यायची, एक स्वतःला, एक तिथं ताटकळत बसलेल्या कुणाला तरी. गुरुजींची बायको आधीच गेलेली. घरात बापलेक दोघंच. एका पावसाळ्यात चार दिवसांच्या तापात वैशाली गेली. अठ्ठावीस वर्षांची होती.

त्यानंतर महिनाभरानं मी दुकानात दोघातिघांना गुरुजींचीच नक्कल करून दाखवत होतो. वाईट मनानं नाही, विषय शाळेचा निघाला होता. "बाळांनो, लक्ष कुठं?" म्हणलं, आणि समोरच्यांची तोंडं बदलली. मागं वळून बघतो तर गुरुजी दारात उभे.

मी स्टूल पुढं सरकवलं. "गुरुजी... बसा की."

"चालू दे तुझं," ते म्हणाले. "पूर्ण कर."

"न्हाय गुरुजी, ते आपलं असंच..."

"बालाजी, पूर्ण कर."

केली. खडू पुसला, मान तिरकी केली, "लक्ष इकडं!" म्हणलं. आवाज कसा निघाला माझा मलाच ठाऊक. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "वैशू घरी अशीच करून दाखवायची. तुझ्याकडनं उचललेलं. हाताचं तंतोतंत."

मग कामाचं बोलले. फाट्यावर वैशालीच्या नावानं पाणपोई करायची. सिमेंटचा चौथरा, त्यावर स्टीलची टाकी, तीन नळ, पुढच्या बाजूला तिचं नाव.

"एवढं बघ," ते म्हणाले, "नावाला गंज लागता कामा नये. बाकी टाकीचं काय व्हायचं ते होऊ दे. मी असेन-नसेन. नाव नितळ राहिलं पाहिजे."

माझी जीभ नको तिथं पुढं पळते. म्हणलं, "गुरुजी, गंज लागला तर बाल्याचं नाव बदला."

काम मी जीव लावून केलं. चांगला, जाड, उंची पत्रा आणला. लोखंडाच्या खिडक्या घासतो तो ब्रश त्याला लावला नाही. लोखंडाची कणी स्टीलमध्ये रुतली तर तीच पुढं गंजते, म्हणून नवा ब्रश काढला. वेल्डिंगच्या सांध्यावर निळा-सोनेरी पट्टा उमटतो, दिसायला झकास, पण तिथली साय जळालेली असते. तो तेजाबाच्या लेपानं काढून धुतला. आणि नाव. नुसतं कोरण्यापेक्षा उठावदार दिसावं म्हणून मी एक एक अक्षर वेगळं कापलं आणि पत्र्यापासनं बारीक फट ठेवून मागनं वेल्डिंगचे दोन दोन टाके मारून बसवलं. उन्हात अक्षरं अशी उठून दिसायची की एसटीच्या खिडकीतनं वाचता यावीत. बार्शीकडनं येणारे ड्रायव्हरबी विचारायचे, कुणाचं काम. मी फुगून गेलो होतो. त्या फुगण्यातच पुढचं सगळं होतं, पण तेव्हा कळलं नाही.

सहा महिन्यांनी गुरुजींचा फोन. "बालाजी, जरा येऊन जा."

गेलो. 'वैशाली' च्या प्रत्येक अक्षराखालनं तांबडी रेघ ओघळलेली. डोळ्यातलं काजळ ओघळावं तशी, फक्त तांबडी. मी वाकून बघायला लागलो, आणि मला चौथऱ्याच्या कोपऱ्यात तीन वस्तू दिसल्या. बोअरच्या पाण्याची बादली, लोखंडी तारेची घासणी, आणि प्लास्टिकच्या डब्यात ब्लिचिंग पावडर. ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. शाळेच्या हौदात टाकायचं काम वर्षानुवर्षं गुरुजींकडंच होतं, त्यांचा त्या पावडरीवर देवासारखा विश्वास.

"पांढरे डाग धरतात ना पाण्याचे," गुरुजी म्हणाले. "म्हणून रोज सकाळी सहा ते सात मी स्वतः घासतो. पावडर लावून. एक दिवस चुकवला नाही. तापात होतो तेव्हाबी आलो."

मला एका नजरेत सगळं कळलं. तारेनं साय खरवडली जात होती आणि पावडर ती पुन्हा धरू देत नव्हती. त्यातनं अक्षरांच्या पाठीमागं, जिथं मी हौसेनं फट ठेवली होती, तिथं तेच पाणी साचून बसत होतं, हवेविना. रोज सकाळी सहा ते सात.

समोर तो माणूस उभा. मनगटं सालपटलेली, बोटांच्या पेरांत पावडरीच्या भेगा. ह्याला मी सांगू, की तुमच्या हातानंच हे झालं?

म्हणलं, "गुरुजी, चूक माझी. वेल्डिंग नीट साफ केलं न्हाय मी. काढून नेतो, करून देतो."

"असू दे रे, होतं," ते म्हणाले. बाजूला दोघं-तिघं उभे होते. त्यातला एक म्हणाला, "गुरुजी, बाल्यानं भंगार पत्रा घातलाय. नकला करून माल खपवतंय ते."

गुरुजी त्याच्यावर एकदम वर्गातल्या आवाजात ओरडले, "पोरगं कबूल करतंय ना? कबूल करणाऱ्याला बोलायचं नसतं!"

तेव्हा मला चौथऱ्यात गडप व्हावंसं वाटलं.

टाकी नेली, उजळली, परत बसवली. जाताना भीत भीत म्हणलं, "गुरुजी, आता जरा हलक्या हातानं घासा. न्हाय घासलं तरी चालतंय."

त्यांना वाटलं मी त्यांच्या हातांची काळजी करतोय. म्हणाले, "नाही नाही. आता तर जास्त लक्ष द्यायला पाहिजे. तुझी चूक मी घासून काढतो."

आणि मी गाडीला किक मारून निघून आलो. हे मला लिहिताना जड जातंय. त्या दिवशी दोन मिनिटं थांबलो असतो तर पुढचं टळलं असतं. रोज फाट्यावरनं जाताना मी मान दुसरीकडं करायचो. कामं घ्यायचो, नकला करायचो, सरपंचांचा चष्मा ढकलायचो, माणसं हसायची. पण सकाळचे सहा वाजले की मला त्या घासणीचा आवाज ऐकू यायचा, घर फाट्यापासनं सात किलोमीटरवर असून.

पाच महिन्यांनी गुरुजी स्वतःच दुकानात आले. बसले. खिशातनं रुमाल काढला, तो घडीघडीनं उलगडला. आत 'शा' होतं.

"आज सकाळी हातात आलं," ते म्हणाले. "टाकीबी ठिबकतीय. बारीक भोकं पडलीत. बालाजी, माझं काही म्हणणं नाही. पण मला सांग, मी एवढं जपूनसुद्धा असं का होतंय?"

मी अक्षर हातात घेतलं. पुढनं चकाचक, तोंड दिसावं असं. उलटं केलं, तर पाठ सगळी तांबडी, खड्ड्या-खड्ड्यांची, किडलेल्या दाढेसारखी. आता खोटं बोलायला जागाच नव्हती.

"गुरुजी, हे घासण्यानं झालंय."

"माझ्या?"

"तुमच्या घासण्यानं. आणि माझ्या अक्षरांनी. दोघांचं आहे." मग सगळं सांगितलं. साय, खार, हवा. आयटीआयच्या सरांचं सगळं, पण ह्या वेळी त्यांचा आवाज न काढता, माझ्या आवाजात. अक्षराच्या मागं बोट फिरवून दाखवलं, हितं हवा पोचत न्हवती. पावडर हितं बसायची. तार सोडायची लोखंडाची कणी, ती हितं गंजायची.

गुरुजींनी मधी एकदाबी तोडलं नाही. शेवटी विचारलं, "म्हणजे मी काहीच केलं नसतं, नुसतं सोडलं असतं, तर?"

"तर बरंच टिकलं असतं."

"नुसतं?"

"नुसतं, गुरुजी. आठ-पंधरा दिवसाला पाण्याचा हात फिरवला असता तरी बास होतं."

बाहेर ट्रॉलीला हूक लावायला आलेला माणूस हाक मारत होता. मी गेलो नाही. गुरुजींनी अक्षर माझ्या हातातनं परत घेतलं.

"मागच्या वेळी तुला माहीत होतं?"

"व्हय."

"मग?"

"तुमच्या हाताकडं बघितलं आणि हिंमत झाली न्हाय."

"शाळेत तुझं गणित चुकायचं," ते हळू आवाजात म्हणाले, "तेव्हा तुझ्या तोंडाकडं बघून मी बरोबरची खूण केली का कधी?"

"न्हाय."

"केली असती तर बरं झालं असतं का तुझं?"

ते उठले. दारात थांबून, पाठमोरेच म्हणाले, "मीच घासून घालवली तर तिला." आणि गेले. टाकीला म्हणायचं होतं का वैशूला, मी विचारलं नाही.

जुनी टाकी काढून मी नवी करायला घेतली, ती कशी केली ते धंद्यातल्या माणसांसाठी सांगतो. ह्या वेळी अक्षर चिकटवलं नाही. टाकीच्या शेजारी चार बोटं सोडून एक वेगळी पाटी धरली आणि नाव त्या पाटीतनं आरपार कापून घेतलं, बार्शीला, लेझरवर. अक्षर म्हणजे नुसती मोकळी जागा. मागं फट नाही, पाणी साचायला ठाव नाही, चहूकडनं हवा. आरपार कापताना एक भानगड असते. 'व' च्या पोटातला तुकडा सुटून खाली पडतो, मग 'व' न राहता नुसतं भोक राहतं. म्हणून पोटाला धरून ठेवणारी बारीक दांडी ठेवावी लागते. ती कुठं ठेवायची, किती ठेवायची, ह्यावर मी कागदावर चार दिवस काढले. अक्षरांच्या कडा कोऱ्या पॉलिश कागदानं इतक्या मऊ केल्या की लोकरीचा धागा अडकणार नाही. टाकीचं पाणीबी बदललं. सरपंचांना गाठून बोअरऐवजी नळयोजनेची जोडणी घेतली. ते काम मी त्यांची नक्कल न करता करून घेतलं, ह्याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

बसवायला गेलो त्या दिवशी गुरुजी आधीच येऊन बसले होते. हात मांडीवर. बादली नाही, घासणी नाही, डबा नाही. मी नटबोल्ट आवळत होतो, ते पाटीतनं पलीकडं बघत होते. अक्षरांतनं पलीकडची ज्वारी दिसत होती.

"हे गंजणार नाही?" त्यांनी विचारलं.

ह्या वेळी नाव बदलायची पैज मी लावली नाही. म्हणलं, "गुरुजी, कधीच न्हाय असं कुठल्याच धातूचं सांगता येत न्हाय. पण मोकळं सोडलं तर तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त राहील."

"म्हणजे हात लावायचा नाही."

"तारेचा न्हाय. पावडरीचा न्हाय."

ते पाटीकडं वळले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ते सगळं कळलं, बालाजी. पण सकाळी सहाला मला जाग येते. घरात कुणी नाही. मग मी रोज सकाळी करू काय?"

बारा वर्षं मी लोकांना काय टिकतं, काय टिकत नाही ते सांगतोय. हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी पाना खाली ठेवला. गाडीवर पाटी ज्यात गुंडाळून आणली ते सुती फडकं होतं, जुन्या लुगड्याचं, मऊ. ते नळाखाली भिजवलं, पिळलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"ह्यानं पुसा."

"ह्यानं त्या सायीला काही होत नाही?"

"काही होत न्हाय."

"दिवसातनं कितीदा पुसलं तर चालेल?"

"कितीबी पुसा, गुरुजी."

त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं, मी खरं बोलतोय का ते. मग फडक्याची चौघडी केली, उठले आणि पहिल्या अक्षरापासनं सुरुवात केली.